संगणकाचा वाढीव वेग आणि त्याची किंमत

"आजोबा, आपला कॉम्प्युटर आहे त्याहून जास्त वेगाने चालवता येतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही," असे माझ्या नातवाने २०२२ च्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मला सांगितले. माझी उणीपुरी पस्तीस वर्षे बँकेत आणि त्यांतली बरीचशी कर्जप्रकरणे तपासण्यात गेली. 'एक पैसाही लागत नाही' हे वाक्य त्या काळात ज्यांनी ज्यांनी माझ्यासमोर उच्चारले, त्यांच्या फाइली मी दोनदा वाचल्या. नातवालाही मी विचारले, पैसा लागत नसेल तर मग काय लागते? त्याला उत्तर देता आले नाही. ते शोधण्यात आम्हा दोघांचे पुढचे वर्ष-दीड वर्ष गेले, आणि मधल्या काळात मला चार रात्री जागून काढाव्या लागल्या. ती हकीगत पुढे येईलच.

आपल्या व्यापारी कुटुंबांत आता घरी एक आणि पेढीवर एक असे दोन संगणक तरी असतातच. 'ओव्हरक्लॉकिंग' हा शब्द घेऊन घरातला कोणी मुलगा आज ना उद्या वडीलधाऱ्यांपुढे उभा राहणार आहे. त्याला सरसकट नाही म्हणावे असे मला वाटत नाही. परंतु हो म्हणण्यापूर्वी काय पाहावे, हे माहीत असलेले बरे.

प्रथम शब्दाचा अर्थ. प्रोसेसरमधले सर्व काम एका ठेक्यावर चालते. मदरबोर्डकडून येणारा मूळ ठेका आजच्या संगणकांत बहुधा १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दहा कोटी ठोक्यांचा असतो. प्रोसेसर त्याला एका गुणकाने गुणतो. गुणक ३६ असेल तर वेग ३.६ गिगाहर्ट्झ, ४२ केला तर ४.२. कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढे प्रोसेसर चालविणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. त्यानंतर काही वर्षांत शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे आली, आणि आम्ही मंडळी त्या वेगानेसुद्धा दिपून गेलो होतो. त्या पिढीतील पुष्कळ संगणकांच्या दर्शनी भागावर 'टर्बो' असे लिहिलेले बटण असे. त्याने यंत्राला काही गुप्त बळ येते अशी आमची समजूत. वस्तुतः जुने प्रोग्राम नव्या वेगात बिघडू नयेत म्हणून वेग कमी करण्याची सोय म्हणून ते बटण होते. असो.

आता प्रश्न असा, की प्रोसेसर जर जास्त वेगाने चालू शकतो, तर कारखाना तो कमी वेगाचा म्हणून का विकतो? याचे उत्तर आपल्या वाचकांना इतरांपेक्षा लवकर समजेल. काजूच्या धंद्यातील मंडळी एकाच ढिगातून डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असे नग निवडतात. झाड तेच, बी तेच, तरी प्रत्येक नग वेगळा. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो प्रोसेसर एकदम तयार होतात, पण कोणता किती व्होल्टेजवर किती वेग पेलतो हे तपासल्यावरच कळते. त्या तपासणीप्रमाणे त्यांची प्रतवारी होते आणि त्याप्रमाणे नाव व भाव ठरतो. ठरविलेला वेग त्या प्रतीतल्या सर्वांत अशक्त नगालाही पेलला पाहिजे. तोही उन्हाळ्यात, धुळीने भरलेल्या पेटीत, कमीअधिक होणाऱ्या विजेवर, वर्षानुवर्षे. साहजिकच सशक्त नगाकडे काही शक्ती शिल्लक राहते.

आम्ही बँकेत मालतारण कर्ज देताना शंभर रुपयांच्या मालावर पंचाहत्तरच देत असू. उरलेल्या पंचवीसला मार्जिन म्हणत. भाव पडला, माल थोडा खराब झाला, तरी बँक बुडू नये म्हणून ते ठेवलेले. ओव्हरक्लॉकिंग करणारा कारखान्याने ठेवलेले हेच मार्जिन खातो. पैसा लागत नाही हे खरे, कारण तो आधीच भरलेला असतो आणि विम्याच्या रूपाने तिथे पडलेला असतो. नातवाला द्यावयाचे उत्तर मला येथेच मिळाले, पण त्याचा अर्थ कळायला दोन महिने जावे लागले.

या शिल्लक शक्तीच्या मागे बाजारही लागला होता. पुण्यात जन्मलेले अभियंते विनोद धाम यांचा ज्याच्या निर्मितीत मोठा वाटा होता, तो इंटेलचा पेंटियम १९९३ साली आला. वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ. त्या दशकात जगभर एक लबाडी चालली: कमी वेगाचा प्रोसेसर घ्यायचा, त्याच्यावरचे अक्षर खरवडून जास्त वेगाचे छापायचे आणि वरच्या प्रतीच्या भावाने विकायचे. म्हणजे वजनमापातली खोट, फक्त काट्याऐवजी छापात. ही लबाडी थांबविण्याचे कारण देऊन इंटेलने प्रोसेसरमधला गुणकच कुलूपबंद केला. मग हौशी लोकांनी मूळ ठेक्याकडे मोर्चा वळविला. १९९८ च्या ऑगस्टमध्ये आलेला सेलेरॉन ३००ए हा ६६ मेगाहर्ट्झच्या ठेक्यावर ३०० मेगाहर्ट्झने चाले. ठेका १०० केला की तोच ४५०चा होई, आणि पुष्कळ नग ते विनातक्रार सोसत. म्हणजे दीडपट वेग, फुकट! ज्यांनी तो काळ पाहिला त्यांच्या तोंडी अजून त्याचे कौतुक असते, आणि आजच्या मुलांच्या मनात ओव्हरक्लॉकिंगची जी मोठी प्रतिमा आहे तिचे मूळ तिथे आहे.

ती प्रतिमा आता खरी राहिलेली नाही. आजचा प्रोसेसर स्वतःच आपले तापमान आणि वीज क्षणोक्षणी मोजतो आणि जागा दिसेल तितका वेग आपणहून वाढवितो. आमच्या घरी २०२० मध्ये घेतलेला एएमडीचा रायझन ५ ३६०० आहे. त्याच्या खोक्यावर ३.६ गिगाहर्ट्झ लिहिलेले असले तरी एखादेच हलके काम असेल तर तो ४.२ पर्यंत स्वतःच जातो. सहाही गाभ्यांवर भार आला की आमचा नग ३.९ च्या आसपास स्थिरावतो. उरलेले मार्जिन एवढेच, ३.९ ते ४.२. सेलेरॉनच्या पन्नास टक्क्यांपुढे हे आठ टक्के.

या आठ टक्क्यांचा भाव मी कागदावर मांडला. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग वाढवायचा तर व्होल्टेज थोडे वाढवावेच लागते. आमच्या उदाहरणात १.२ चे १.३ व्होल्ट. १.३ ला १.२ ने भागून वर्ग केला की १.१७ येतात. त्याला वेगाच्या १.०८ ने गुणले की साधारण १.२६. म्हणजे आठ टक्के वेगासाठी सव्वीस टक्के वीज. विजेच्या बिलात हा फरक नगण्य आहे: पंचवीस वॅट जादा, रोज चार तास, महिन्याला तीन युनिट. प्रश्न बिलाचा नाही. ती सर्व वीज उष्णता होऊन आपल्या बोटाच्या पेरांएवढ्या तुकड्यातून बाहेर पडते, आणि तिला बाहेर नेण्याची व्यवस्था आपल्याला करावी लागते.

नवी मुंबईची हवा

येथे आमचे गाव आडवे येते. युरोप-अमेरिकेतील मंडळी जे आकडे छापतात ते वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. नेरूळमध्ये मे महिन्याच्या दुपारी पंखा लावलेल्या खोलीत चौतीस-पस्तीस अंश सहज असतात. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, म्हणून खोलीचे तापमान बारा अंशांनी जास्त तर प्रोसेसरचेही जवळजवळ तितकेच जास्त. त्यांच्याकडे सत्तर अंशांवर सुरळीत चाललेली मांडणी आमच्याकडे ब्याऐंशीवर जाते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूची धूळ महिन्या-दोन महिन्यांत कूलरच्या पात्यांवर बसते, तिचा हिशेब वेगळाच. याच रस्त्यालगत महापे-ऐरोलीकडे मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तेथील यंत्रे कोणी ओव्हरक्लॉक करीत नाही, आणि तरीही त्यांना थंड ठेवणे हा त्या इमारतींचा एक प्रमुख खर्च आहे.

काही उत्साही मुले बर्फ किंवा थंड पाणी वापरण्याच्या गोष्टी करतात. जागतिक विक्रम करणारे लोक उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन ओततात, हे त्यांनी पाहिलेले असते. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत इतकी वाफ असते की पंचवीस-सव्वीस अंशांच्या पृष्ठभागालाही घाम फुटतो. थंड पाण्याच्या पेल्याचे जे होते तेच मदरबोर्डचे होईल. साध्या पंख्याच्या कूलरला ही भीती नाही, कारण तो खोलीपेक्षा थंड होतच नाही. नवशिक्याने पंख्यावरच राहावे, हे माझे मत म्हणूनच ठाम आहे.

६५५ रुपये ३६ पैसे

आता त्या चार रात्री. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार आहे. घरात संगणक एकच, त्यामुळे संस्थेचे हिशेब त्याच यंत्रात. नातवाने मे महिन्यात प्रोसेसर ४.२ वर नेला आणि दहा मिनिटे सिनेबेंच ही चाचणी चालवून पाहिली. ती पार पडली. तेवढ्यावर न थांबता, आमची मेमरी ३२०० वेगाची असताना त्याने ती ३६०० वर लावली. संगणक चालू झाला, खेळ नीट चालले, मी वर्तमानपत्र वाचले. सर्व छान.

जूनमध्ये लेखापरीक्षकांकडे कागद द्यावयाचे म्हणून मी तेरीज काढली, तर ती जुळेना. फरक ६५५ रुपये ३६ पैशांचा. हे मला घरच्या मैदानावरचे काम वाटले. फरकाला नऊने भाग गेला तर अंकांची अदलाबदल झालेली असते. फरकाच्या निम्म्या रकमेचे व्हाउचर सापडले तर नावेची रक्कम जमेला गेलेली असते. हे दोन नियम आम्ही प्रोबेशनमध्येच शिकलो होतो. नऊने भाग जाईना. ३२७ रुपये ६८ पैशांचे व्हाउचर कुठेच नव्हते. आणि संस्थेच्या हिशेबात पैसे तरी कुठून येणार? देखभालीची आकारणी पूर्ण रुपयांत, पैसे फक्त बँकेच्या व्याजात आणि वीजबिलात. दोन संध्याकाळी मी त्या आकड्याकडे बघत बसलो.

तिसऱ्या संध्याकाळी नातू मागून आला, आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "आजोबा, याचे पैसे करा," तो म्हणाला. पासष्ट हजार पाचशे छत्तीस पैसे. दोनला दोनने गुणत गेले की सोळाव्या पायरीवर हीच संख्या येते, हे त्याला शाळेपासून पाठ. आमचे सॉफ्टवेअर रक्कम पैशांत साठवीत असे. त्या रकमेतला एकच अंक मेमरीत शून्याचा एक झाला होता आणि तसाच डिस्कवर लिहिला गेला होता. कोणतीही सूचना आली नाही, पडदा निळा झाला नाही, काहीही बंद पडले नाही. त्या रात्री आम्ही मेमटेस्ट८६ हा तपासणीचा प्रोग्राम चालविला. पाऊण तासात लाल ओळी दिसू लागल्या.

एक चूक सापडली, पण ती एकच आहे हे कोण सांगणार? तेरीज न बिघडविता नावातली, तारखेतली, सदनिकेच्या क्रमांकातली चूक बसलेली असू शकते. मी पेन ड्राइव्हवरची नक्कल काढली. ती मी दर रविवारी जुनीवर नवी अशी चढवीत असे, म्हणून तीही तशीच बिघडलेली. बँकेत आम्ही नकलांच्या तीन पिढ्या ठेवीत असू, आजोबा-वडील-मुलगा या नावाने. नवी बिघडली तर जुनी, तीही बिघडली तर त्याहून जुनी. सेवेत असताना या पद्धतीवर मी कनिष्ठांना व्याख्याने दिलेली होती. घरी मी एकच पिढी ठेवली. शेवटी एप्रिलच्या छापील तेरजेपासून पुढची सर्व व्हाउचरे चार रात्री बसून पुन्हा ताडून पाहिली. आणखी एक नोंद बिघडलेली सापडली. तिच्यात तारीख २०२२ ची २०३८ झाली होती. व्यवस्थापक समितीला मी खरे कारण सांगितले. एका सभासदाने विचारले, "खजिनदारांच्या घरी कॉम्प्युटर गेम खेळतात का?" खेळतात, असेच सांगावे लागले.

म्हणून प्रोसेसर जळेल का, ही जी पहिली भीती प्रत्येकाला वाटते, ती माझ्या मते दुय्यम आहे. आजचे प्रोसेसर अति तापले की स्वतःच वेग कमी करतात, आणि त्याहून तापले तर यंत्र बंद होते. आमच्या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे. जळणे क्वचित घडते. चुकीचे उत्तर देत राहणे जास्त सहज घडते, आणि ते कोणाला दिसत नाही. डेटा सेंटरमधल्या यंत्रांत मेमरीची एखादी चूक ओळखून दुरुस्त करणारी वेगळ्या प्रकारची मेमरी बसविलेली असते. आपल्या घरगुती संगणकात बहुधा ती नसते.

मी नातवाला त्यानंतर ओव्हरक्लॉकिंग बंद कर असे म्हणालो नाही. हिशेब एका जुन्या लॅपटॉपवर हलविले, नकलांच्या तीन पिढ्या सुरू केल्या, एक लांबट रजिस्टर आणले आणि त्याला सांगितले, आता रीतसर कर. ती रीत अशी.

आपल्या यंत्रात हे करता येते का, ते आधी पाहावे. इंटेलमध्ये सर्वसाधारणपणे नावाच्या शेवटी 'के' असलेले प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचे मदरबोर्ड लागतात. एएमडीच्या रायझनमध्ये बहुतेक प्रोसेसर मोकळे असतात, परंतु ए३२० किंवा ए५२० अशा 'ए' मालिकेच्या स्वस्त मदरबोर्डवर गुणक बदलता येत नाही. लॅपटॉपला हात लावू नये. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान दोन्ही कंपन्यांच्या हमीत बसत नाही, हे घरातल्या मोठ्यांनी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावे.

नंतर पेटी. खोक्यातून आलेल्या कूलरवर आमचा प्रोसेसर कारखान्याच्याच वेगाने उन्हाळ्यात ८६ अंशांना जात होता. तेथे वेग वाढविण्याचा विचारच चुकीचा होता. आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि दोन-अडीच हजारांचा उंच मनोऱ्यासारखा कूलर आणला. जाण्यापूर्वी पेटीची रुंदी मोजून न्यावी. आम्ही नेली नव्हती, म्हणून दुसरी फेरी झाली. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी वाटाण्याएवढी लावली. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. एवढ्याने पूर्ण भाराचे तापमान ७४ वर आले. वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, नामांकित असावी आणि घरातल्या प्लगला अर्थिंग खरोखर आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. जुन्या इमारतींत तिसरे भोक पुष्कळदा शोभेचे असते. यूपीएस हवाच. मदरबोर्डचे बायोस अद्ययावत करीत असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो.

मग बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. बदलण्यापूर्वी काय होते हे नंतर कोणालाही आठवत नाही. चुकीच्या मांडणीमुळे संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नये: वीज काढून मदरबोर्डवरील सीएमओएसच्या दोन खिळ्या काही सेकंद जोडल्या, किंवा नाण्याच्या आकाराची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवली, की सर्व मूळपदावर येते. ही कृती एकदा मुद्दाम करून पाहावी.

सर्वांत आधी मेमरी तिच्या छापील वेगाने चालते का ते तपासा. ३२०० ची मेमरी विकत घेतली तरी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी नावाची नोंद चालू केल्याशिवाय ती बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालते. कितीतरी घरांत ही रक्कम भरून माल दुकानातच पडून आहे. आमच्या यंत्रात या एका नोंदीने जो फरक जाणवला तो पुढच्या सर्व खटाटोपाने जाणवला नाही. मात्र तेथेही मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे आणि एकही चूक दिसली तर वेग खाली आणावा. एक चूक चालेल, ही सवलत येथे नाही.

प्रोसेसरचा गुणक एका वेळी एकाच पायरीने वाढवावा आणि त्याच वेळी दुसरे काही बदलू नये. आम्ही ४.० पासून सुरुवात केली. प्रत्येक पायरीला अर्धा तास ओसीसीटी, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमानावर नजर, आणि रजिस्टरात नोंद: तारीख, खोलीचे तापमान, वेग, व्होल्टेज, सर्वाधिक तापमान, निकाल. चाचणीत चूक आली तर व्होल्टेज अगदी थोडे वाढवायचे. १.३ च्या पुढे जायचे नाही, आणि ८२ अंशांच्या पुढे गेले की मागे फिरायचे, हे आम्ही आधीच लिहून सह्या केल्या होत्या. नातवाला हसू आले, पण सही केली. व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवू नये. मदरबोर्ड अशा वेळी उदार होतात. उलट, कारखान्याच्या मांडणीत हलक्या कामाला क्षणभर १.४ व्होल्टच्या वर आकडा दिसतो तो पाहून घाबरू नये आणि त्याची नक्कलही करू नये. क्षणिक हलका भार आणि तासन्‌तास पूर्ण भार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अखेरच्या मांडणीवर प्राइम९५ एक पूर्ण रात्र.

व्होल्टेजच्या बाबतीत मी इतका कडक का, असे कोणी विचारील. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर मदरबोर्डवरच जळाल्याच्या घटना बाहेर आल्या आणि एका अंतर्गत व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालणारी बायोस तातडीने द्यावी लागली. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. जास्त व्होल्टेजने त्यांची हळूहळू झीज होत होती. ऑगस्टमध्ये कंपनीने दुरुस्ती दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढविली. ज्यांनी आयुष्यात ओव्हरक्लॉकिंगचे नाव काढले नाही त्यांच्याही यंत्रांना हे भोगावे लागले. झीज भरून येत नाही, दुरुस्ती फक्त ती पुढे थांबवते.

आमचा प्रोसेसर शेवटी १.२८ व्होल्टवर ४.२ ला स्थिर झाला. सर्व गाभ्यांच्या कामात सात टक्के फायदा, तापमान जानेवारीत ७९. मे महिन्यात तेच ८८ झाले, करार मोडला, आणि नातवाने स्वतः मूळ मांडणी परत लावली. त्यानंतर तो उलट दिशेला गेला: वेग कारखान्याचाच ठेवून व्होल्टेज थोडे कमी करणे. त्यालाही त्याच सर्व चाचण्या लागतात, कारण कमी व्होल्टेजवरही उत्तर चुकू शकते. त्यात सहा अंश कमी झाले आणि पंख्याचा आवाज गेला. सध्या यंत्र त्याच मांडणीवर आहे.

राहता राहिला पेढीवरचा संगणक. ही सर्व खटपट ऐकून तुर्भ्याच्या दाणाबंदरात गाळा असलेल्या माझ्या मेहुण्यांनी फोन केला, की आमचे जीएसटीचे काम फार रेंगाळते, नातवाला रविवारी पाठवा, वेग वाढवून देईल. नातू गेला, यंत्र उघडून पाहिले आणि प्रोसेसरला हात न लावता परत आला. आत जुनी फिरती हार्ड डिस्क होती, चार जीबी मेमरी होती आणि कूलरवर तांदळाच्या भुशाचा थर. एसएसडी बसविली, मेमरी आठ जीबी केली, धूळ काढली. खर्च चार हजारांच्या आत. मेहुणे म्हणाले, वेग चांगलाच वाढला, ओव्हरक्लॉकिंग म्हणतात ते हेच का? नातवाने त्यांना आधी विचारले, "मामाआजोबा, तुमच्या हिशेबाची नक्कल कुठे असते?" त्यांनी टेबलाच्या खणातून पेन ड्राइव्ह काढून दाखविला. तो एकच होता.